क्विन्सचा जॅम, संत्रं-लिंबू घालून: आधी फळ शिजवा, साखर नंतर

ऑक्टोबर लागला की आमच्या इथे, म्हणजे जर्मनीत वुर्झबर्गच्या आसपास, लोकांच्या फाटकाबाहेर क्रेट दिसायला लागतात, पिवळीधमक फळं भरलेली आणि पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेलं "फुकट घेऊन जा". लांबून बघितलं तर सफरचंद वाटतं, काही पेरसारखी लांबट असतात, पण ही दोन्ही नाहीत, ही क्विन्स, जर्मनमध्ये क्विटे. जुन्या बागांमधून झाडं भरपूर आहेत, पण फळ कच्चं खाता येत नाही, कापायला दगड, साफ करायला वेळखाऊ, त्यामुळे घरच्यांना पुरून उरलं की लोक देऊन टाकतात. मी दर वर्षी एक-दोन क्रेट आणते आणि त्याचा जॅम करते, संत्रं आणि लिंबू घालून, आणि आता त्याचं गणित हातात बसलंय म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. इथले बरेच मराठी लोक फळ बघतात, वास घेतात आणि काय करायचं कळत नाही म्हणून परत ठेवतात, हे बघून खरंच वाईट वाटतं.

क्विन्स म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी सांगते, थंड देशातलं कवठ. कुळ वेगळं आहे, क्विन्स सफरचंद-पेर-गुलाबाच्या घरातलं, आणि कवठ लिंबाच्या घरातलं, पण दोघांची वागणूक तीच. बाहेरून कडक, खोलीत ठेवलं की सगळ्या घराला वास, कच्चा तुकडा तोंडात टाकला की तुरटपणाने मिठी बसते, आणि गोड घालून शिजवलं की त्याच फळाचं सोनं होतं. नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी ज्यांनी खाल्लीय त्यांना स्पेन-पोर्तुगालमधली क्विन्सची वडी पहिल्या घासाला ओळखीची वाटेल. आपल्या देशात हे फळ काश्मीरमध्ये होतं, तिथे त्याला बमचूंठ म्हणतात आणि वांग्याबरोबर भाजीसुद्धा करतात. आणि युनानी औषधाच्या दुकानात मिळणारा बेहदाना, पाण्यात भिजवला की बुळबुळीत होतो तो, ते ह्याचंच बी. फारसीत क्विन्सला बेह म्हणतात त्यावरून ते नाव.

अजून एक गोष्ट, मला फार आवडते म्हणून सांगते. मार्मालेड हा शब्द आपण संत्र्याच्या जॅमला वापरतो, पण तो मूळ पोर्तुगीज मार्मेलादावरून आला आणि मार्मेलो म्हणजे क्विन्स. म्हणजे मूळ मार्मालेड क्विन्सचं, संत्रं त्यात नंतर शिरलं आणि नावच घेऊन बसलं, इतकं की युरोपियन युनियनच्या २००१ च्या नियमात मार्मालेड हे नाव फक्त लिंबूवर्गीय फळांसाठी राखून ठेवलं होतं, २०२४ मध्ये तो नियम जरा सैल झाला. पोर्तुगीज गोव्यात आले तेव्हा त्यांना हे फळ मिळालं नाही, मग तीच वडी पेरूची व्हायला लागली आणि तिचं नाव पेराद. नाताळात गोव्यातल्या ख्रिश्चन घरांतून जी लालसर पेरूची वडी येते ना, ती ह्या फळाची गोव्यातली बहीण. त्यामुळे क्विन्स आणि संत्रं एका पातेल्यात घालायचं म्हणजे काहीतरी फ्यूजन करतोय असं अजिबात समजू नका, ही जुनीच जोडी आहे.

आता कामाला लागूया.

फळ निवडताना रंग आणि वास दोन्ही बघा. हिरवट असेल तर चार-पाच दिवस घरात ठेवा, पिवळं होतं. फळावर राखाडी मऊ लव असते, पीच फळावर असते त्यापेक्षा दाट, कापसासारखी, ती अंगठ्याने सहज निघत असेल तर फळ तयार झालंय समजायचं. झाडावरून स्वतः तोडणार असाल तर जोराचं हिमदव पडायच्या आधी तोडा. इथे दोन प्रकार मिळतात, गोल ते सफरचंदासारखं, त्याला वास जास्त पण जास्त कडक आणि गरात कण जास्त, आणि लांबट ते पेरसारखं, जरा मऊ, लवकर शिजतं. मी मिळालं तर मिक्स करते. आमच्यापासून जवळच माइन नदीच्या वळणावर फोल्काख नावाचं गाव आहे, त्याला लागून आस्टहाइम, तिथे क्विन्सच्या जुन्या जातींची झाडं बघत फिरायची एक पायवाट केलीय, ऑक्टोबरमध्ये जमलं तर नक्की जा, एकाच फळाचे इतके आकार असू शकतात हे तिथे कळतं.

फळं घरी आणल्यावर फ्रिजमध्ये सफरचंद-लोण्याच्या शेजारी ठेवू नका, सगळ्याला वास लागतो. गॅलरीत किंवा थंड खोलीत टोपलीत ठेवायची, एकमेकांना न चिकटता. दोन-तीन आठवडे आरामात राहतात. कापल्यावर कधीकधी आतला गर तपकिरी निघतो, तेव्हा टाकून देऊ नका, कुजका वास नसेल आणि बुरशी नसेल तर जॅमला चालतो, मी नेहमी वापरते.

प्रमाण असं. क्विन्स दीड किलो, म्हणजे मध्यम आकाराची पाच-सहा. संत्री दोन मोठी, लिंबं दोन, इथली पिवळी मोठी लिंबं, आपली कागदी असतील तर चार. साधी साखर ८०० ग्रॅम. पाणी एक लिटर. मिठाची चिमूट. एवढंच. ह्यात साधारण २५० ग्रॅमच्या सहा बाटल्या होतात. फळाचं वजन कमीजास्त असेल तर एवढं लक्षात ठेवा की साल आणि मधला कठीण भाग काढून जेवढं फळ उरेल त्याच्या पाऊण पट साखर. दीड किलोतून साधारण १,१०० ग्रॅम उरतं.

इथल्या दुकानात जॅमची वेगळी साखर मिळते, गेलिअरत्सुकर, तिच्यात पेक्टिन आणि सायट्रिक ॲसिड आधीच मिसळलेलं असतं. स्ट्रॉबेरीला वगैरे ती उपयोगी आहे पण क्विन्सला माझ्या मते बिलकुल घेऊ नका. पेक्टिन म्हणजे फळाच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा डिंक, आणि क्विन्समध्ये तो इतका असतो की वरून घातला तर जॅम चमच्याने उचलायच्या ऐवजी सुरीने कापावा लागतो. साधी साखर, आंबटपणा आणि वेळ, फळ बाकीचं स्वतः करतं.

संत्री-लिंबं घेताना पाकिटावरचं लेबल वाचा. बऱ्याच लिंबांवर मेण आणि बुरशीचं औषध लावलेलं असतं आणि बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की साल खाण्यासाठी नाही. आपल्याला साल हवीय, त्यामुळे बायो म्हणजे सेंद्रिय घ्या, आणि ती सुद्धा गरम पाण्यात घासून धुवा.

पहिलं काम लव काढायचं. जाड खरखरीत फडकं ओलं करून फळ घासायचं, नळाखाली धरून, लव गोळा होऊन निघते. ही पायरी सोडू नका, कारण सालं आपण टाकणार नाही, ती उकळायची आहेत आणि लव राहिली तर पाण्याला कडसर चव येते.

मग कापणं. इथे खरंच सांभाळा, हे फळ सुरी सटकवतं. बोर्डाखाली ओलं फडकं ठेवा म्हणजे बोर्ड सरकत नाही, मोठी जड सुरी घ्या, आधी देठ आणि बुडाची चकती कापून फळ सपाट बसवा आणि मग उभं दोन भाग करा. हातात जोर नसेल तर अख्खी फळं पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं उकळून घ्या, गार करा आणि मग कापा, सालही सुटते, आणि ते पाणी फेकू नका, तेच पुढे वापरायचं. आमच्या शेजारच्या आजी, ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्या असंच करतात.

चार फोडी केल्यावर मधला बियांचा भाग काढायचा, आणि त्याच्याभोवती जो पांढरट कणीदार भाग असतो तोही. तो कितीही शिजवला तरी दाताखाली वाळूसारखा येतो. साल काढायची, मग फोडीचे सेंटीमीटरभराचे तुकडे करायचे, निम्मे तुकडे आणि निम्मं किसलं तर टेक्स्चर मस्त येतं, थोडा गर थोडे तुकडे. तुकडे हवेत काळे पडतात म्हणून एका लिंबाचा रस पिळलेल्या त्या एक लिटर पाण्यातच टाकत जा, आणि थोडे काळे झालेच तरी काळजी करू नका, शिजताना रंग पूर्ण बदलणार आहे.

आता सालं, मधला काढलेला भाग, आणि संत्र्या-लिंबाच्या बिया हे सगळं मलमलच्या स्वच्छ फडक्यात घालून पुरचुंडी बांधायची. सगळ्यात जास्त पेक्टिन आणि वास ह्या टाकाऊ वाटणाऱ्या भागात आहे. क्विन्सच्या बिया मात्र अख्ख्याच राहू द्या, कुटायच्या नाहीत, मिक्सरला लावायच्या नाहीत, सफरचंदाच्या आणि जर्दाळूच्या बीसारखंच त्यात विषारी द्रव्य तयार करणारा घटक असतो, अख्ख्या उकळून काढून टाकल्या की प्रश्न नाही. कोणाला नको वाटत असेल तर त्यांनी बिया वेगळ्या काढून टाकाव्या, सालींनी भागतं.

पातेलं जाड बुडाचं आणि स्टीलचं घ्या, रुंद. ॲल्युमिनियम नको, कल्हई नसलेलं पितळ-तांबं नको, आंबट आहे. पातेलं निम्म्यापेक्षा जास्त भरू नका कारण साखर घातल्यावर हे दुधासारखं वर येतं.

पातेल्यात पाण्यासकट तुकडे, कीस आणि मधोमध पुरचुंडी. संत्र्याच्या सालीचे पातळ काप तुम्हाला जॅममध्ये हवे असतील तर ते आत्ताच घाला. सालीच्या आतला पांढरा भाग आधी सुरीने खरवडून काढा, तो कडू, आणि नारिंगी भाग सुतासारखा बारीक कापा. पुढच्या कुठल्याही टप्प्यात घातले तर ते चिवट राहतात. नुसता किसलेला सालीचा सुगंध हवा असेल तर तो मात्र शेवटी घालायचा, आधी घातला तर वाफेबरोबर उडून जातो. मी दोन्ही करते, एका संत्र्याचे काप आणि दुसऱ्याची किसलेली साल.

उकळी आली की आच मंद, झाकण ठेवायचं, आणि तास सव्वा तास विसरून जायचं. अधूनमधून ढवळून बघा, पाणी आटत असेल तर कपभर गरम पाणी घाला. तुकडा दोन बोटांत धरून चिरडता आला पाहिजे, विरोध न करता. बटाट्यासारखा शिजला असं नाही, त्याच्याही पुढे, पिकलेल्या केळ्यासारखा दबला पाहिजे.

ह्या पायरीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे कारण माझा पहिला जॅम इथेच बिघडला होता. मी साखर पहिल्यापासून घातली, सगळं एकदम, वेळ वाचेल म्हणून. दोन तास उकळलं तरी तुकडे मऊ होईनात, उलट आक्रसून चिवट झाले, पाक घट्ट आणि आत खडीसाखरेसारखे कडक तुकडे. आईला फोन केला तर तिने एवढंच विचारलं, मोरावळ्याला आवळा आधी उकडतेस की पाकात टाकतेस? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साखर फळातलं पाणी ओढून घेते आणि तुकडा ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत त्याला घट्ट करते. म्हणून आधी पाण्यात आणि आंबटात पूर्ण मऊ करायचं, साखर त्यानंतर. आवळ्याला जो नियम तोच क्विन्सला, तोच संत्र्याच्या सालीला. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आणि रंग. साधारण पाऊण तासानंतर फिका पिवळा रंग पीचकडे झुकायला लागतो, मग गुलाबीसर, आणि दोन तास मंद आचेवर राहिलं तर विटकरी लाल. बाहेरून कुठलाही रंग न घालता हे होतं, फळातला तुरटपणा ज्या द्रव्यांमुळे असतो तीच आंबटपणात आणि उष्णतेत फुटून लाल रंगद्रव्यं होतात. म्हणजे तुरटपणा जातो आणि रंग येतो, एकाच कामातून. पहिल्यांदा बघताना मी झाकण दर दहा मिनिटांनी उघडत होते. कुठल्या फळाला किती रंग येईल हे जातीवर आणि पिकण्यावर असतं, काही वेळा नुसता जर्दाळू रंगच येतो, चवीत फरक नाही. लाल हवा असेल तर झाकण ठेवून, मंद, जास्त वेळ, आणि जमलं तर शिजलेलं फळ गॅस बंद करून रात्रभर तसंच झाकून ठेवा, सकाळी रंग गडद झालेला असतो. फिका हवा असेल तर झटपट शिजवा, पोर्तुगालमध्ये ओदिवेलास इथली मार्मेलादा पांढरी म्हणूनच प्रसिद्ध आहे. मी रात्रभर ठेवणारी आहे.

कुकर चालेल का असं नेहमी विचारतात. चालतो, दोन शिट्ट्यांत फळ मऊ होतं, पाणी अर्धं घाला. घाईत मीही केलंय. पण घरभर जो वास दोन तास रेंगाळतो तो मिळत नाही, आणि मला तो अर्धा जॅम वाटतो.

फळ शिजलं की पुरचुंडी बाहेर काढून चाळणीत ठेवा, थोडी गार झाली की डावाने दाबून पिळा. जो बुळबुळीत, दाट रस निघतो, तांदळाच्या पेजेसारखा, तो सगळा पातेल्यात परत. तेच पेक्टिन. मग मॅशरने थोडंसं दाबा, पूर्ण गुळगुळीत करू नका.

आता साखर, दोन्ही संत्र्यांचा रस, मिठाची चिमूट. साखर विरघळेपर्यंत आच मंद आणि हलवत राहायचं, विरघळली की झाकण काढून आच मोठी. इथून पुढे पातेल्याजवळून हलायचं नाही. आधी फेस येतो, मोठे बुडबुडे, मग हळूहळू बुडबुडे लहान आणि जड होतात, आवाज बदलतो, रटरट ऐकू येतं. दाट झाल्यावर हे उडतं, आणि उडालेला थेंब कातडीला चिकटून बसतो, त्यामुळे लांब दांड्याचा लाकडी चमचा, पूर्ण बाह्या, लहान मुलं किचनच्या बाहेर. बुडाला लागू द्यायचं नाही, तळ खरवडत हलवायचं. साधारण पंचवीस ते पस्तीस मिनिटं लागतात, पातेलं किती रुंद त्यावर.

शेवटच्या पाच मिनिटांत दुसऱ्या लिंबाचा रस आणि किसलेली साल. लिंबू दोन हप्त्यांत घालायचं कारण असं की पहिलं पेक्टिन सुटायला आणि रंगाला लागतं, दुसरं जिभेला लागतं. क्विन्सचा गोडवा मधासारखा जड असतो, शेवटचं लिंबू नसेल तर दुसऱ्या चमच्याला नको होतं. संत्र्याचं काम वेगळं, ते मधलं अंतर भरतं, वास मोकळा करतं. ग्रेपफ्रूट, ते कडसर मोठं गुलाबी, एकदा घालून बघितलं, कडवटपणा आवडणाऱ्यांनी एका संत्र्याऐवजी जरूर घालावं.

झालंय हे कसं ओळखायचं. आपल्या हाताला तार बघायची सवय असते, साखरांब्याला एकतारी, वडीला दोन तारी, आणि इथे ती फसवते. गरम जॅमची तार जुळेपर्यंत थांबलात तर गार झाल्यावर तो रबर होतो, कारण हा पाकावर नाही, पेक्टिनवर आळतो आणि पेक्टिन गार होतानाच धरतं. म्हणून सुरुवातीलाच दोन स्टीलच्या किंवा चिनी मातीच्या बश्या फ्रीझरमध्ये ठेवून द्या. गॅस बारीक करून अर्धा चमचा जॅम थंड बशीवर टाका, बशी मिनिटभर परत फ्रीझरमध्ये, मग बाहेर काढून बोटाने जॅमच्या कडेला हळूच ढकला. वर साय धरल्यासारखी सुरकुती पडली आणि बोटाने केलेली वाट मिटली नाही तर झालं. वाट लगेच भरून आली तर अजून तीन-चार मिनिटं. टेस्ट करताना गॅस बारीक ठेवायला विसरू नका, तेवढ्या वेळात पुढे जातं.

थर्मामीटर असेल तर १०४ ते १०५ डिग्री, पण हे समुद्रसपाटीला. खरा हिशोब असा की तुमच्याकडे पाणी जिथे उकळतं त्याच्या चार-पाच डिग्री वर. पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, तिथे १०२-१०३ ला थांबा, श्रीनगरला अजून खाली.

बाटल्या आधीच तयार ठेवायच्या. साबणाने धुऊन मोठ्या पातेल्यात दहा मिनिटं उकळवायच्या, झाकणं सुद्धा, आणि स्वच्छ पंचावर उलट्या टाकायच्या, पण गार होऊ द्यायच्या नाहीत, गरम जॅम गार काचेत ओतला तर काच तडकते. जॅम पाच-सहा मिनिटं पातेल्यात शांत होऊ द्या म्हणजे तुकडे वर न तरंगता सारखे पसरतात, वरचा फेस चमच्याने काढा, आणि तोंडापासून अर्धा सेंटीमीटर जागा सोडून भरा. बाटलीचं तोंड गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसा, तिथे चिकटा राहिला तर तिथूनच बुरशी येते. झाकण घट्ट. इथे सगळे बाटली उलटी करून ठेवतात, मी नाही करत, जॅम झाकणाला चिकटून राहतो आणि फायदा मला काही दिसला नाही. वर्षभर ठेवायचा असेल तर बंद बाटल्या परत पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळून घ्या, तो खात्रीचा उपाय. गार होताना झाकण टक्क करून आत ओढलं जातं, ओट्यावर एकामागून एक टक्क टक्क ऐकू येतं, ज्याचं आलं नाही ती बाटली आधी संपवायची.

बिघडलं तर बहुतेक वेळा सुधारता येतं. पातळ राहिला तर आधी चोवीस तास थांबा, हा जॅम दुसऱ्या दिवशीपर्यंत आळत असतो. तरी पातळच असेल तर परत पातेल्यात, एका लिंबाचा रस घालून उकळा, बहुतेक वेळा आंबट कमी पडलेलं असतं. फार घट्ट झाला तर संत्र्याचा रस किंवा गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा. आणि करपल्याचा वास आला तर तळ अजिबात खरवडू नका, वरचा वरचा दुसऱ्या पातेल्यात काढून घ्या. साखर कमी करायची असेल तर फळाच्या निम्म्यापर्यंत जाता येतं पण मग तो जॅम कपाटात टिकणार नाही, फ्रिजमध्ये ठेवून महिन्याभरात खायचा.

मसाल्याचं म्हणाल तर मला एकाच वेळी एकच आवडतो. वेलदोडा संत्र्याबरोबर छान लागतो, दोन-तीन ठेचून पुरचुंडीत. केशराच्या पाच-सहा काड्या शेवटी. दालचिनी घातली तर फळाचा वास मागे पडतो, म्हणून मी ती सोडून दिली.

महाराष्ट्रात बसून क्विन्स कुठून आणायचं हा प्रश्न येणारच. काश्मिरी माल ठेवणाऱ्या फळवाल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरला विचारून बघा, नाही मिळालं तर पेरू घ्या, पिकलेला पण कडकसर, त्यातही पेक्टिन भरपूर. पेरू वीस मिनिटांत शिजतो, पाणी निम्मं पुरतं, बिया गाळायला चाळणीतून घासून घ्यायचा, साखर गाळलेल्या गराच्या पाऊण पट, आणि नागपुरी संत्रं. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि पातळ असते, किसताना हातात येते, म्हणून सोलायच्या आधी अख्खं संत्रं किसणीवर हलकेच फिरवा, नुसता वरचा रंग आला पाहिजे. लिंबू मात्र एक जास्त घाला.

हा जॅम खायला घाई करू नका. लोणच्यासारखा मुरतो, दोन आठवड्यांनी सालीचा कडवटपणा आणि फळाचा गोडवा एकमेकांत बसतात. आमच्याकडे गरम पोळीवर तूप आणि वर हा, किंवा थालीपीठाबरोबर, तिखट-गोड एकत्र. इथले लोक जुन्या चीजबरोबर खातात, स्पेनमध्ये तर मांचेगो चीज आणि क्विन्सची वडी ही ठरलेलीच जोडी, आणि ते खरंच लागतं छान. वडी हवी असेल तर हाच जॅम बुड सोडेपर्यंत घोटायचा, गोळा व्हायला लागला की बटर पेपर लावलेल्या ताटात थापून दोन-तीन दिवस पंचाखाली वाळवायचा आणि मग वड्या पाडायच्या.

बंद बाटल्या अंधाऱ्या थंड कपाटात वर्षभर राहतात, उजेडात रंग उतरतो. झाकणावर तारीख आणि फळ कोणाकडचं ते लिहून ठेवा, कारण दर झाडाचं वेगळं लागतं आणि पुढच्या वर्षी कुठल्या फाटकापाशी आधी जायचं ते कळतं. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, चमचा कोरडा, तीन-चार आठवड्यांत संपवा.